गोविंदराव मासूरकर यांना आठवताना

धारवाडच्या आमच्या मराठी मंडळात किस्से जमवावे लागत नाहीत. दर रविवारी कमिटीची मीटिंग भरते आणि चहा संपेपर्यंत एखादा तयार होतो! अध्यक्ष वसंतअण्णांच्या मोबाईलवर एआय आल्यापासून तर दोन-दोन. पंचविशीतली मी एकटीच. म्हणून मिनिट्सही मीच लिहिते आणि चहाही मीच सांगते.

सध्या विषय एकच: वाचनालयाच्या नव्या खोलीला नाव कुणाचं? मी म्हटलं, सुशीलाअक्कांचं. तीस वर्षं बिनपगारी वाचनालय उघडतायत, झाडतायत, पुस्तकांना कव्हरं घालतायत.

"जिवंत माणसाचं नाव? अपशकून!" वकीलकाका म्हणाले.

अक्का कपाट आवरत होत्या. म्हणाल्या, "मग थांबा थोडे दिवस."

*

अण्णांनी एआयला मंडळाचा इतिहास विचारला. अर्ध्या मिनिटात चार पानं! त्यात संस्थापक म्हणून कै. गोविंदराव मासूरकर. हे नाव आमच्या एकाही रजिस्टरमध्ये नाही.

"अण्णा, हा माणूस त्यानं मनानं रचलाय."

"यंत्र कशाला खोटं बोलेल गं? त्याला काय इलेक्शनला उभं राहायचंय?"

*

मग मी सगळ्यांसमोर एआयलाच पुरावा मागितला. त्यानं लगेच माफी मागितली: चूक झाली, अशा व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही.

मी सगळ्यांकडे ऐटीत पाहिलं. अण्णा भारावून म्हणाले, "किती नम्र आहे बघा! नाहीतर हल्लीच्या मुली."

*

पुढच्या रविवारी वकीलकाकांना गोविंदराव आठवले! "सुभाष रोडवर भेटायचे. धोतर, काळी छत्री."

अण्णा मागे कसे राहतील? "माझ्या मुंजीत ते वाढायला होते!"

मशीननं नुसतं नाव दिलं होतं. आमच्या ज्येष्ठांनी एका चहात त्याला गाव, गोत्र आणि दमा दिला. मशीननं निदान माफी तरी मागितली होती.

खोलीला गोविंदरावांचं नाव द्यायचा ठराव पास. विरोधात एक मत. कुणाचं ते सांगायला नको.

*

काल पेंटर आला. त्यानं बोर्डावर 'कै.' एवढंच रंगवलं होतं, तेवढ्यात अक्का चष्मा पुसत बाहेर आल्या.

"गोविंदराव ना? आपले जुने सभासद. दोन पुस्तकं नेली, ती परत केलीच नाहीत. पुस्तकं बुडवणाऱ्याचं नाव वाचनालयाच्या खोलीला कसं द्यायचं, अण्णा?"

पेंटरनं कन्नडात विचारलं, "पुढे लिहू की थांबू?"

वकीलकाकांनी घसा खाकरला. "मला म्हणाले होते ते, 'वकीलसाहेब, सोमवारी नक्की आणून देतो.'"