विमानातून दिसलेला बांध

माझ्या आईवडिलांनी आयुष्यात एकच सहल काढली, आणि ती विमानाने काढली. त्याआधी ते दोघे आगगाडीतही बसलेले नव्हते. आमच्या भोकरदन तालुक्यात असं दुसरं जोडपं नसावं (नसावं म्हणतो, मी काही घरोघर जाऊन विचारलेलं नाही).

कल्पना माझी होती, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हैदराबादला इंटरची दोन वर्षं होत आली, तसा दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल देऊन टाकला, "शिकलास तेवढं बिलकुल बस झालं. आता घरी ये आन् रान बघ." मला बी. ए. करायचं होतं. पण दादांसमोर उभं राहून तसं म्हणायची माझी छाती नव्हती. तेव्हा मी ठरवलं, बोलायचं नाही, दाखवायचं. शिक्षणाने माणूस किती वर जातो ते त्यांना प्रत्यक्षच बघू द्यावं.

दाखवायला एक विमान होतं. माझं नव्हे. माझ्या खोलीत राहणाऱ्या हमीदचे थोरले भाऊ जहागीरदार होते आणि हौसेने एक लहानसं विमान बाळगून होते. मी हमीदला गणितात कसंबसं पास करवलं म्हणून हे भाईजान माझ्यावर खूष होते. "क्या होना बोलो मियाँ," ते म्हणाले. मी चाचरत म्हटलं, माझ्या आईवडिलांना एकदा आपला मुलूख वरून दाखवाल का? त्यांनी तारीखच नक्की केली.

बेत असा ठरला. सुगी आटोपली की जालन्याच्या बाहेरच्या माळावरून निघायचं, पिंपळगावच्या रेणुकादेवीचं वरून दर्शन घ्यायचं, मग जवळच आमच्या गावच्या गायरानात उतरून महादेवाची टेकडी चढायची आणि माथ्यावर बसून भाकरी खायची. त्यासाठी माय आणि दादा गावाहून बैलगाडीने दोन दिवस प्रवास करून जालन्याला आले आणि तिथल्या मस्तगड भागात पाहुण्यांकडे मुक्कामाला राहिले. म्हणजे दोन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, ती घटकाभरात परत गावी पोचता यावं म्हणून! ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आली नाही.

विमानाची रचना चमत्कारिक होती. आम्ही तिघे पुढे एका बंद खोक्यात, आणि चालवणारे भाईजान आमच्या मागे, उघड्यावर. मधल्या भिंतीला एक झरोका. काही सांगायचं झालं तर मी झरोक्याला तोंड लावून ओरडायचं. दादांना हे अजिबात पटलं नाही. गाडीवान मागं बसला तर त्याला रस्ता कसा दिसणार, असं त्यांचं म्हणणं. वर रस्ताच नसतो, असं मी समजावलं. त्याने त्यांचा चेहरा आणखी पडला.

उडालो. पहिली काही मिनिटं दादा डोळे घट्ट मिटून बसले होते आणि माय मजेत खाली बघत होती. पिंपळगावचं देऊळ दिसलं आणि तिने माझा दंड धरला.

"देवीच्या डोक्यावरून चाल्लो का रे आपण?"

"हो माय. दर्शनच आहे ना?"

"डोक्यावरून जात असतेत व्हय? पायातलं काढ आधी. आन् त्यान्ला सांग, बाजूनं घ्या. पाच फेऱ्या घालायच्या."

मी झरोक्यातून ही अडचण कळवली. भाईजान अदबीचे गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, अम्माजान को फेरे किस हाथ से होना? मी म्हटलं, देऊळ उजव्या हाताला. आणि विमान उजवीकडे कललं!

आम्हीही कललो. दादा माझ्यावर आणि मी मायवर. शिखराभोवती एक फेरी झाली, दुसरी झाली. खाली पुजारी देवळाबाहेर धावत आला, आधी पळाला, मग परत येऊन हात जोडून उभा राहिला. तिसऱ्या फेरीला मी बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. माय मात्र हात जोडून, कपाळ काचेला टेकवून, फेऱ्या मोजत होती. चौथ्या फेरीला दादांना ढवळू लागलं. मी त्यांना आमच्या कॉलेजातला उपाय सांगितला, एखाद्या ओळखीच्या वस्तूवर नजर ठेवा. शेतकऱ्याला वरून ओळखीचं काय दिसणार? त्यांनी आपलं रान शोधलं. पाचवी फेरी संपून विमान आमच्या गावाकडे वळलं तशी त्यांची मळमळ एकदम थांबली.

"शेषरावानं माझा बांध खाल्ला," दादा म्हणाले.

शेषरावकाका हे दादांचे चुलत भाऊ. त्यांचं रान आमच्या रानाला लागून, मध्ये एक लांबलचक बांध. मीही वाकून पाहिलं. कालपरवापर्यंत उभ्या ज्वारीत काही दिसायचं नाही. आता कापणी झाली होती आणि तो बांध धनुष्यासारखा वाकून आमच्या रानात घुसलेला स्पष्ट दिसत होता.

"जल्दी थांबव म्हणावं हितं."

"दादा, वर थांबता येत नाही."

"मंग माणसं बसवतेत कशाला?"

गायरानात उतरलो तर सगळं गाव लोटलेलं. सर्वांत पुढे शेषरावकाकाच, हातात हार घेऊन. चुलतभाऊ आभाळातून आला म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. त्यांनी दादांच्या गळ्यात हार घातला. दादांनी तो नीट घालून घेतला आणि मग म्हणाले, "शेषराव, माझं रान कधीपासून खाऊन राह्यलास?"

काकांनी मायकडे बघितलं. "वैनी, दादाला वरची हवा बाधली का?"

पुढचं बोलणं मी सगळं लिहीत नाही. त्यात आमच्या आजोबांपर्यंतची माणसं आली. थोडक्यात, काकांचं म्हणणं असं, की इतक्या उंचावरून समदंच वाकडं दिसतं. दादा म्हणाले, मग तूही वर चल. यावर काका भांडण विसरून लगेच विमानाकडे निघाले, इतके लगेच, की दादांनाच संशय आला. भाईजानांनी दिलगिरी दाखवली. पेट्रोल परतीपुरतंच उरलं होतं. तेव्हा माय म्हणाली, टेकडी चढायचीच होती, तर तिथूनच बघा दोघं.

अशी आमची डोंगरचढाई सुरू झाली. पुढे दादा, गळ्यात हार. मागे शेषरावकाका. त्यांच्या मागे भाईजान, त्या उन्हात कातडी कोट आणि टोपी घालून, मायचं भाकरीचं गाठोडं डोक्यावर घेऊन (मी घेतो म्हटलं तर देईनात). शेवटी माय, मी आणि निम्मं गाव. दोघे भाऊ एकमेकांशी अक्षर बोलत नव्हते. पण अर्ध्या वाटेत दादांची तंबाखू संपली, तेव्हा त्यांनी न बघता मागे हात केला आणि काकांनी न बोलता त्यावर चिमूट ठेवली. मग पुन्हा भांडण चालू.

माथ्यावर पोचलो. सगळ्यांनी खाली पाहिलं. बांध वाकडाच होता. विमानातून दिसला त्याहून वाकडा.

"आता बोल," दादा म्हणाले.

काकांनी आधी माझ्याकडे ओझरतं पाहिलं. त्यांना ते बोलायचंच नसावं. शेवटी म्हणाले, "दादा, जुना बांध पावसाळ्यात वाहून गेल्ता. दिवाळीत तू तापानं पडल्ता. मंग हा बांध घातला कुणी?"

दादांनी सावकाश मान वळवली. गावानेही वळवली.

बांध मी घातला होता. सुट्टीत घरी आलो होतो, आणि दादांनी अंथरुणातून मला ते एकच काम सांगितलं होतं. जुन्या पद्धतीने दोरी ताणून काम करणं मला शिकलेल्या माणसाला कमीपणाचं वाटलं. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, हे मला ठाऊक होतं. एक बिंदू मी स्वतः. दुसरा बिंदू, त्या टोकाचा चुना लावलेला हद्दीचा दगड. दर वीस पावलांवर तो पांढरा ठिपका नजरेत धरायचा, खुंटी मारायची, आणि मजुरांनी माती ओढायची. तेव्हा मला चष्मा नव्हता.

"तो दगड नव्हता रे," काका हळू आवाजात म्हणाले. "माझा पांढरा बैल होता. चरून राह्यल्ता."

मी टेकडीवरून पुन्हा पाहिलं. बैल सकाळी कुठे उभा होता, दुपारी गवताच्या मागे कुठवर गेला, पाण्याला कुठे वळला, हे सगळं त्या बांधात मातीने लिहून ठेवलेलं होतं. मी त्या दिवशी त्याच्या मागेमागे गेलो होतो, सरळ रेषेत!

"मंग तू तवाच का न्हाई बोल्लास?" दादांनी काकांना विचारलं.

"पोरगं कॉलेजातलं. हातात कागद, कानाला पेन्सिल. मला वाटलं, नवी पद्धत असंल. आपुन कसं टोकावं?"

भाईजानांनी मला कानात विचारलं, हमीदला गणित शिकवणारे तुम्हीच ना? मी मान हलवली. मग त्यांनी टोपी काढून कपाळावरचा घाम पुसला.

काका म्हणाले, बांध उद्याच मोडू, जुन्या जागी घालू, दोरी माझी. दादा खाली बसले. मायने भाकरी सोडल्या आणि दोघा भावांना एकाच फडक्यावर वाढलं. मी दूर उभा होतो. बी. ए. संपलं, हे मला कळून चुकलं होतं. निम्मी भाकरी झाल्यावर दादांनी मला हाक मारली.

"तुझं कॉलेज पुन्हा कधी उघडतं?"

"जूनमधे," मी म्हटलं. "पण दादा, तुम्ही म्हणाला होता, घरी ये..."

"म्हनलो आसंल. आता जा तू. त्या बी. ए.च्या पुढं काय आसतं?"

"एम. ए."

"ते बी कर," दादा म्हणाले. "बराबर सावकाश कर. हितं यायची जल्दी करू नको."

आता मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याबरोबरची मुलं हेव्याने विचारतात, शेतकरी असून तुझ्या वडिलांना शिक्षणाची एवढी कळकळ कशी? मी खरं तेच सांगतो: त्यांना जमिनीची फार कळकळ आहे.