अर्ध्या उंचीचं कार्ड

आश्विनातल्या दुपारी खाडीवरचा वारा पडला की देवबागेतल्या या घरात वास तेवढा उरतो, अंगणात वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा, ओलसर वाळूचा, आणि त्या दोहोंच्या तळाशी दिवाणखान्यातल्या टीव्हीखालच्या कपाटातून येणारा, तापलेल्या धुळीचा. त्या कपाटात एक आडवा, चपटा संगणक आहे. सेलिनबाईंच्या यजमानांनी आखातातून कायमचं परतल्यावर तो घरी सिनेमे पाहण्यासाठी मोठ्या हौसेनं जुळवला होता, त्याला पाच स्पीकर आणि भिंतभर वाटावा असा पडदा जोडला होता. आता ते नाहीत, आणि पडदा बहुतेक काळ काळाच असतो. मी त्या यंत्राचं झाकण उघडलं तेव्हा आतल्या पत्र्यावर मिठाची पांढुरकी साय धरली होती. इथे अकरा वर्षं राहूनही समुद्र घरात इतक्या आतपर्यंत येऊन बसतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी इथला नव्हे. परभणीकडच्या काळ्या मातीतला, आठवीतच शाळा सुटलेला. जमिनीखालून केबल टाकण्यासाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर या किनाऱ्यावर आलो, तापानं आडवा झालो, आणि टोळी पुढे निघून गेली. रस्त्याकडेच्या फाटकाशी पडलेल्या मला बाईंनी घरात घेतलं, नऊ दिवस पेज पाजली, आणि बरं वाटल्यावर जा असं कधी म्हटलंच नाही. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. एकुलता मुलगा मेल्विन पोर्तुगालला. पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या मी सांभाळू लागलो, आणि दुपारची झाकपाक झाली की बाई मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावू लागल्या. चुकलो की थांबवायच्या, पुन्हा म्हणवून घ्यायच्या. ही वाक्यं मी आज लिहितो आहे ती त्यांच्या त्या दुपारांवर उभी आहेत. पण उपकाराचं एक विचित्र असतं. तो अंगावर सावलीसारखा पडतो, आणि माणूस मग सतत चाचपत राहतो की आपण त्या सावलीत बसायला लायक आहोत ना.

गेल्या वर्षापासून बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग विझत चालला आहे. कडेचं दिसतं, मधलं जातं. गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे थोपवता येईल, परतवता येणार नाही. आणि पुढे थोपवणंही जमेना. फोनवरचा चेहरा अंगठ्याएवढा, तो त्या मधल्या डागात पुरा बुडायचा. मोठ्या पडद्यावर जवळ बसून, मान थोडी तिरकी करून पाहिलं, तर ताटाएवढा चेहरा डागाच्या कडेनं अजून सापडत होता. अशा वेळी मेल्विननं नातीच्या, ईव्हाच्या, पहिल्या कम्युनियनचं, म्हणजे चर्चमध्ये पहिला प्रसाद घेण्याच्या सोहळ्याचं, चित्रण गावी येणाऱ्या एका नातलगाबरोबर पेनड्राइव्हवर पाठवलं. सात वर्षांची ही नात बाईंनी प्रत्यक्ष एकदाच पाहिलेली, तीही दुपट्यात.

आम्ही ते लावलं आणि आवाज वाहू लागला, चर्चमधली घंटा, पोरांचं गाणं, मेल्विनचं खोकणं. चित्र मात्र अडखळत, तुटत, एका जागी गोठून राहिलं. पडद्यावर ईव्हाचा अर्धा चेहरा आणि उरलेल्या अर्ध्यात हिरव्या-राखाडी चौकटी. मालवणात संगणक दुरुस्त करणाऱ्या नंदूनं सांगितलं की चित्रण नव्या पद्धतीनं घट्ट दाबून भरलेलं आहे, ते उलगडायची ताकद या जुन्या यंत्रात नाही. एखादं स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड बसवलंत तर काम होईल.

त्या रात्रीपासून, नव्हे, दुसऱ्या दिवसाच्या दुपारपासून, माझी साधना सुरू झाली. इंग्रजी मी अक्षर अक्षर जुळवून वाचतो. पाहुण्यांनी सोडलेल्या वहीत मी नोंदी केल्या: पेटी चपटी, म्हणून कार्ड अर्ध्या उंचीचं हवं, वीज पुरवणारा डबा लहान, म्हणून वेगळी तार न लागणारं हवं, पडद्याची तार बसेल असं भोक हवं. प्रत्येक अट कळली की मला अनाठायी आनंद व्हायचा, जणू सुटलेली शाळा एक एक इयत्ता मागे येऊन भेटते आहे. बाई आरामखुर्चीतून म्हणायच्या, "मेल्विनाक विचार मरे एकदा. तेचां कामच तां."

"सोपं आहे बाई, मी करतो," मी म्हणायचो.

ते सोपं नव्हतं. पण मेल्विन शिकलेला, परदेशात याच कामावर असलेला; त्याला विचारायचं म्हणजे काय विचारायचं हेच मला नीट मांडता येणार नव्हतं, आणि मांडताना जे उघडं पडलं असतं त्याची मला भीती होती. आईच्या घरात ज्याला ठेवलं आहे त्याला एवढंही उमगत नाही, हे त्याला का कळावं?

शेवटी दोन कार्डं उरली. एकावर छोटा पंखा, दुसरं बिनपंख्याचं, नुसत्या ॲल्युमिनियमच्या पात्यांचं. नंदूला दोन्हींची चित्रं दाखवली. तो हातातला स्क्रू न ठेवताच म्हणाला, "फॅनवालां घेव नको. खाऱ्या वाऱ्यात फॅन चार म्हयन्यांत जाम होतलो. बिनफॅनचां घे आनि निवांत ऱ्हव."

त्याचं खोटं नव्हतं. या वाळूच्या पट्ट्यावर दोन्हीकडून खारं पाणी; इथे माणसं कुठलीही वस्तू घेताना आधी गंजाचा विचार करतात, बिजागरीला तेल लावतात, सायकल गोणपाटात गुंडाळतात, होडीचं इंजिन रोज गोड्या पाण्यानं धुतात. अकरा वर्षांत मीही तसाच झालो होतो, आणि आपण इथले झालो याचा मला मनातून अभिमान होता. म्हणून मी मिठाला पुरून उरेल असं कार्ड निवडलं. ते ईव्हाचं चित्रण उलगडू शकतं का, ही एक ओळ त्या इंग्रजी तक्त्यात तळाशी होती. मी तिथवर पोहोचलो नाही, किंवा पोहोचून ओलांडून गेलो. कुठलंही कार्ड ते करेलच असं मी धरून चाललो होतो.

कार्ड सुरेख बसलं. एक आवाज नाही, जरा गरम नाही. जुने सिनेमे आरशासारखे लख्ख दिसू लागले, आणि ईव्हाचा चेहरा पूर्वीच्याच जागी, तसाच अर्धा, गोठला. ते जुन्या पिढीचं होतं; नव्या पद्धतीची गाठ सोडवायला त्याच्यात काही नव्हतंच. मी तारा काढल्या, लावल्या, पुन्हा काढल्या. बाई बराच वेळ माझी खटपट ऐकत बसल्या, मग म्हणाल्या, "ऱ्हवांदी रे. आयकाक येता मां, तितक्यान भागता."

त्यानंतर त्या रोज दुपारी ते चित्रण लावायला सांगू लागल्या, आणि मिटल्या डोळ्यांनी ऐकू लागल्या. मी दुसरं कार्ड मागवलं, पंख्याचं. ते यायला दिवाळी उलटली. आलं तर त्याला चपट्या पेटीत अडकवायची पत्र्याची लहान पट्टी विक्रेत्यानं घातलीच नव्हती, ती यायला आणखी दिवस गेले. त्या दिवसांत बाई कपात चहा ओतताना बोट आत घालून पातळी पाहू लागल्या. एकदा मी समोर उभा असताना त्यांनी विचारलं, "कोण तां?" आणि मी बोलताच हसून विषय बदलला. थंडीची झाक असलेला उजेड माडांतून तिरपा उतरून त्यांच्या पायांशी पडायचा, आणि मी मनातल्या मनात एखाद्या गुन्हेगारासारखा तारखा मोजत राहायचो.

पट्टी आली त्या सकाळी मी एकट्यानं कार्ड बसवून पाहिलं. चित्र नदीसारखं वाहिलं. अनावर होऊन मी मेल्विनला फोन केला आणि सगळी हकिगत, दोन्ही कार्डांसकट, एका दमात सांगून टाकली. मग तो अगदी मायेनं म्हणाला, "अरे, माका कशाक नाय सांगलंस? तोच व्हिडिओ जुन्या पद्धतीत बदलून दुसऱ्या दिवसा धाडलो असतो. पाच मिन्टांचां काम तां."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. दोन महिने. त्या दोन महिन्यांत जे विझलं ते पाच मिनिटांच्या एका प्रश्नानं वाचलं नसतं, पण त्याआधी ईव्हाचा चेहरा पाहून झाला असता. एवढ्या एका प्रश्नाला मी भ्यालो.

दुपारी बाईंना पडद्यापासून हातभर अंतरावर बसवलं. त्यांनी पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला, मान सवयीनं तिरकी केली. घंटा वाजली, पोरं गाऊ लागली. गाणं संपल्यावर जिथे काहीच आवाज नाही अशा जागी ईव्हा कॅमेऱ्याकडे वळते, तिचा चेहरा पडदाभर होतो, पांढऱ्या जाळीदार ओढणीतून ती कोणाला तरी शोधते आणि वर पाहते. मी पडद्याकडे पाहत नव्हतो. बाईंच्या चेहऱ्यावर त्या चेहऱ्याचा उजेड पडला होता, आणि त्या उजेडाखाली त्यांचे डोळे स्थिर होते.

मग चित्र सरकलं. रिकामी बाकं, एक उघडं दार, बाहेरचं ऊन. तेव्हा बाई म्हणाल्या, "बापाशीवर गेलां रे चेडू."

हे वाक्य आधीच्या चेहऱ्याला उद्देशून होतं का, जरा उशिरानं आलेलं? की रिकाम्या बाकांकडे पाहून, माझ्यासाठी, मनातून जुळवलेलं? विचारायला एक वाक्य पुरलं असतं. बाईंनी मला अकरा वर्षं वाक्य उच्चारायलाच तर शिकवलं होतं.

"हो बाई," मी म्हणालो, "अगदी त्याच्यावरच गेली आहे."

त्यांनी हात पुढे करून, चाचपत, माझ्या मनगटावर ठेवला, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.