मराठीचा एक काना

तोंडानं बोललेलं खोटं आणि छापलेलं खोटं – यांतलं जास्त दिवस कोणतं टिकतं, सांगाल? मी छापलं होतं. आणि ते खोटं होतं, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आधी एक स्पष्ट करतो. परदेशी मालाविरुद्ध मी पत्रकं काढली, वाटली, भिंतींना चिकटवली – त्याची मला लाज नाही. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. बाजार साऱ्या जगाला उघडला तर गावातल्या विणकरानं जायचं कुठं, हे मी उद्याही विचारीन.

पण गिरिजा?

गिरिजा माझी मामेबहीण. चौसाळ्याला मामांचं कापडाचं दुकान. दुबईहून परतलेल्या एका गिऱ्हाइकानं मामांना जुना जपानी कॉम्प्युटर दिला होता – टीव्हीला जोडायचा, केलेलं काम टेपच्या कॅसेटवर साठवायचं. दुकानामागच्या खोलीत आम्ही दोघं त्यावर खेळ तयार करत होतो. हो, मीसुद्धा. सकाळी घोषणा द्यायच्या, दुपारी जपानी यंत्राच्या कळा दाबायच्या. खेळातला बेडूक कपिलधारच्या धबधब्याशेजारच्या ओल्या दगडांवरून उड्या मारत वर चढायचा. उड्या माझ्या. अक्षरं तिची.

अक्षरं – तीच तर गोष्ट आहे. त्या यंत्रात मराठी नव्हतं. गिरिजानं चौकटीच्या कागदावर ठिपके भरून एकेक अक्षर काढलं, मग ते यंत्राला शिकवलं. शिरोरेघ शेजारच्या अक्षराला भिडली तेव्हा ती ओरडलीच. 'बे'ची मात्रा चौकोनात मावेना, तर वरच्या ओळीतला चौकोन घेतला. बेडूक पाण्यात पडला की टीव्हीवर उमटायचं – पडलास बे!

"पोरीनं असं बोलावं का गं?" मामी म्हणाल्या.

"मी कुटं? टीव्ही बोलतोय बेडकाला!"

मग तेलगावच्या सभेत एकानं भर गर्दीत विचारलं, "कावून बे, मामाच्या दुकानात जपानचं मीठ खायलास म्हनं?" सगळे हसले. खरं सांगायला काय लागत होतं? मी सांगितलं नाही. पुढच्या पत्रकात ओळ घातली: 'चौसाळ्यात येऊन बसलेल्या जपानी यंत्राला मराठीचा एक कानाही येत नाही.'

लोक दुकानात येऊन मामांना टोमणे मारू लागले. मामा मला म्हणाले, "म्या डोळ्यानं बगितलंय त्याच्यावर मराठी. पन तू छापल्यावर आता कुनाकुनाला सांगत बसू?" यंत्र त्यांनी बीडच्या एकाला देऊन टाकलं. कॅसेटांवर मामींनी भजनं भरली.

गिरिजानं एवढंच विचारलं, "दादा, 'पडलास बे' कुन्या भाषेत व्हतं?"

मी चळवळीवर भाषण दिलं – तिला, एकटीला! तिनं ते पूर्ण ऐकलं आणि कापड मोजायला निघून गेली. त्यानंतर माझं एकही पत्रक तिनं हातात घेतलेलं नाही.

मी भ्यालो होतो. चळवळ नाही – मी.

ते पत्रक तुमच्या ट्रंकेत, दुकानाच्या रद्दीत, कुठं उरलं असेल, तर फाडू नका. बाकीच्या प्रत्येक ओळीमागे मी उभा आहे. ती एकच ओळ खोडा, आणि वर आपल्या हातानं लिहा – येत होतं. गिरिजानं शिकवलं होतं.