पाटलांच्या रानातल्या काट्या

आदरणीय शिवप्पाअण्णांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या मांडीवर शेळीचा पाय होता आणि हातात खूर छाटायची सुरी. मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. जन्म सोलापूर शहरातला, वडील गिरणीत कारकून. आमच्या घरात कधी मांजरसुद्धा पाळले नव्हते. नवी टेरिकॉटची पँट घालून, काखेत फाइल मारून मी दुधनीच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन उभा राहिलो. अण्णा तिथले कंपाउंडर. त्यांनी मान वर करून "बर्री, कूड्री" म्हटले, म्हणजे 'या, बसा', आणि खुर्ची देण्याऐवजी शेळीचा दुसरा पाय माझ्या हातात दिला. "घट धरा साहेब, लाथ मारती ती." शेळीने लाथ मारली नाही. माझ्या पँटवर जे करायचे ते मात्र सावकाश, मनसोक्त केले. अण्णा हसले नाहीत. घरून आपले धुतलेले धोतर त्यांनी मागवून दिले, आणि नोकरीतली माझी पहिली सरकारी भेट मी धोतर नेसून पुरी केली.

अण्णांची साठी यंदा पूर्ण होत आहे. त्यांच्या कार्याविषयी या गौरवग्रंथात माझ्याहून जाणकार मंडळी लिहितीलच. दवाखान्यात डॉक्टर यायचे, बदलून जायचे. अण्णा जागचे हलले नाहीत. साहजिकच माणसे डॉक्टरांपेक्षा अण्णांना विचारूनच शेळी घेत आणि अण्णांना विचारूनच विकत. त्यांची एक खोड होती. आजारी शेळी आणली की ते आधी तिचे नाव विचारीत. "नाव न्हाय ठिवलं," असे कोणी म्हटले की म्हणत, "मग आधी ठेवा, औषध मागनं देतो." मला हे सगळे थोतांड वाटे. मी एकदा तसे बोलूनही दाखवले. तेव्हा ते म्हणाले, "साहेब, नाव ठेवलेली शेळी संध्याकाळी घरी आली नाही तर माणूस हाक मारत शोधतो. बिननावाचीला कोण शोधतंय?" मला रागच आला, आणि माझे म्हणणे खोटे पडले की मला राग येतो हे माझ्या सहकाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

अण्णा लिंगायत, गळ्यात लिंग, घरात कांदासुद्धा सोमवारी चालत नाही. पण बकरी ईद आली की बोकड तपासून घ्यायला सगळी मुसलमान मंडळी अण्णांकडेच येत. कुर्बानीच्या जनावरात काही खोट असून चालत नाही. कान फाटका नको, शिंग मोडके नको, पाय लंगडा नको. अण्णा दात पाहत, खूर पाहत, शिंगावरून अंगठा फिरवीत. एका वर्षी बाजारातल्या बशीरभाई फोटोवाल्यांना कोणा दलालाने मेण भरून शिंग जोडलेला बोकड विकला होता. अण्णांच्या अंगठ्याला ते मेण लागले. बशीरभाईंनी तिथूनच उलट्या पावली जाऊन दलालाला गाठले आणि बोकड बदलून घेतला. मी अण्णांना विचारले, तुम्ही मांसाला शिवत नाही, मग हे का करता? ते म्हणाले, "ज्याच्या ताटात जे असंल ते असंल. जनावर धडधाकट ठेवायचं माझं काम." बशीरभाईंचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे येणार आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो. या ग्रंथातल्या निदान दोन-तीन लेखांत अण्णांच्या एका चुकीचा उल्लेख असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. प्रेमाने, चेष्टेने, 'चंद्रावरही डाग असतो' वगैरे म्हणून असेल, पण असणार. पाटलांच्या रानाच्या तोंडच्या काट्या अण्णांनी काढल्या आणि पुन्हा लावायला विसरले, ही ती चूक. साऱ्या पंचक्रोशीत ती म्हणीसारखी झाली आहे.

सरकारी योजनेतून आम्ही सात बायांना प्रत्येकी दोन शेळ्या दिल्या होत्या. कोणाचेही स्वतःचे रान नव्हते. त्यांतल्या सर्वांत वडील सोनाबाई, एकट्या, तोंडाने फटकळ. त्यांच्या एका शेळीचे नाव मैना आणि दुसरीचे राधी. आमच्याकडे रीत अशी की ज्वारीची काढणी झाली की रान सगळ्यांच्या जनावरांना मोकळे. शेळ्यांना पाला मिळतो, रानाला लेंडी मिळते. मालकाला रान बंद ठेवायचे असेल तर तो बांधाच्या तोंडाला बाभळीच्या काट्या ओढून लावतो. काट्या दिसल्या की कोणी आत जात नाही आणि का लावल्या म्हणून विचारीतही नाही. त्या वर्षी काढणी होऊन गेल्यावर पाटलांनी रानाला काट्या लावल्या आणि ते कोर्टाच्या कामाला सोलापूरला निघून गेले. बाया माझ्याकडे आल्या. "सायब, शेळ्या कुटं न्याव्यात? पाटलानं बी रान बंद केलंय."

झाले! माझे डोके फिरले. एवढे मोठे रान रिकामे पडलेले, आणि गरिबाच्या शेळीला तोंड घालू देत नाही म्हणजे काय! पाटील काही कारणाने काट्या लावीत असतील हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढली, कोणी नाही असे पाहून त्या काट्या दोन्ही हातांनी उपसल्या आणि ओढ्यात फेकून दिल्या. हात सोलून निघाले. पण छाती अशी फुगली होती की सांगता सोय नाही. तिथून सरळ दवाखान्यात जाऊन मी अण्णांच्या समोर चहा पीत बसलो.

तासाभराने, दुसरा चहा संपायच्या आत सातांतली एक बाई धावत आली. "अण्णा, चला वो! शेळ्या पडाय लागल्या! पाटलाच्या रानात!"

अण्णांनी एवढेच विचारले, "फुटवे आलेत काय तिथं?" मध्यंतरी अवकाळी पाऊस झाला होता आणि कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना वीतभर हिरवेगार कोंब फुटले होते. त्या कोवळ्या कोंबांत विष असते. आमच्याकडे त्याला किराळ लागणे म्हणतात. पोटभर खाल्ले तर शेळी तासाभरात जाते. पाटलांनी काट्या लावल्या होत्या त्या यासाठी. बायांनाही किराळ ठाऊक होती, पण काट्या निघालेल्या दिसल्या तेव्हा त्यांना वाटले, पाटलानेच रान बघून मोकळे केले असेल. काट्यांवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

डॉक्टर अक्कलकोटला बैठकीला गेलेले. कपाटात त्या विषावरच्या औषधाच्या दोनच कुप्या, आणि शेळ्या चौदा. अण्णा मला म्हणाले, "सायकल घ्या, बशीरभाईकडे जा. हायपो मागा, फोटो धुवायचा. असंल तेवढा आणा." मला वाटले, अण्णांना भ्रम झाला. पण ते रागावून ओरडले, आणि ते कधी ओरडत नसत, म्हणून मी पळालो. बशीरभाईंच्या स्टुडिओत नवरा-नवरी बाशिंगासकट खुर्चीवर बसलेली. मी धापा टाकत म्हणालो, "अण्णांनी हायपो मागितलाय." त्यांनी का म्हणून विचारले नाही. काळ्या कापडातून डोके बाहेर काढून डबाच्या डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "दौड़ो, साब!" मागाहून कळले की कुपीतले औषध आणि फोटोचा हायपो हे एकच मीठ. एका जुन्या डॉक्टरांनी कधीतरी सांगितलेले अण्णांनी डोक्यात ठेवले होते.

मी रानात पोचलो तेव्हा मैना गेलेली होती. उरलेल्या तेरांतल्या काही पाय झाडत होत्या, काही तोंड उघडून धापा टाकत होत्या. सर्वांत वाईट अवस्थेतल्या दोघींना अण्णांनी सुई टोचली. बाकीच्यांसाठी हायपो पाण्यात कालवून बांबूच्या नळकांड्याने पाजायला सुरुवात केली. मी शेळ्यांची डोकी धरत होतो. "मान लई वर नको, ठसका लागंल," एवढेच ते मधूनमधून बोलत. प्रत्येक शेळीला नावाने हाक मारून पाजत होते. त्या मिठाच्या पाण्याने माझे सोललेले हात असे झोंबत होते की डोळ्यांतून पाणी येत होते, आणि ते हातांमुळेच येत होते असे मी म्हणणार नाही. ऊन डोक्यावर आले तेव्हा राधी उठून उभी राहिली आणि अण्णांचा सदरा चावायला लागली. मग दुसरी उठली. तेरा म्हणजे तेराही वाचल्या! मी बांधावर मटकन बसलो. आयुष्यात इतका मोकळा श्वास मी कधी घेतला नव्हता. अण्णा आयोडीनची बाटली घेऊन आले, माझे हात पुढे ओढून घेतले, सगळ्या ओरखड्यांना औषध लावले. ओरखडे बाभळीच्या काट्यांचे, हे त्यांना सांगावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी पाटील परतले आणि चावडीसमोर गाव जमले. "काट्या कुणी काढल्या?" पाटलांचा आवाज चढलेला. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी हात पाठीमागे लपवले. आणि अण्णा पुढे होऊन म्हणाले, "मी काढल्या. दवाखान्याच्या वळूला कडबा न्यायला गाडी घातली, परत लावायच्या राहिल्या. चुकलं माझं." लोक थक्क झाले. पाटलांनी त्यांना नको ते बोलून घेतले. त्याच संध्याकाळी अण्णांनी आपल्या घरची एक पाठ, म्हणजे पहिल्या वेताची तरुण शेळी, दोरी धरून सोनाबाईंच्या दारात नेऊन बांधली. सोनाबाईंनी तिचे नाव ठेवले बाभळी. बाभळीच्या शेंगा फार खाते म्हणून ठेवले असेल, असे मला वाटले. मी अण्णांना एकटे गाठून माफी मागायला गेलो तर ते म्हणाले, "होगली बिडू." कानडीत याचा अर्थ, जाऊ दे, सोड.

तेव्हापासून दर सुगीला, अण्णा दिसले की सोनाबाई भर रस्त्यात ओरडायच्या, "अण्णा, आवंदा तरी काट्या काढू नगा!" लोक खो खो हसायचे. अण्णाही हसायचे. शेजारी मी उभा असायचो आणि मीही हसायचो. लाज वाटते हे लिहिताना, पण हसायचो.

लेख मागणारे गौरव समितीचे पत्र आले तेव्हा मी ठरवले की आता बास. अण्णांकडे गेलो, सांगितले, मी लिहिणार. ते म्हणाले, "कशाला हो? साठ वर्षांत एकच खोटं बोललो, तेवढं तरी माझ्याकडं राहू दे की." मी ऐकले नाही. मग सोनाबाईंकडे गेलो. त्या दारात बाभळीची धार काढत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले. मावशी, त्या काट्या मी काढल्या होत्या. तुमची मैना माझ्यामुळे गेली.

त्यांची धार थांबली नाही. "ठावं हाय की मला," त्या म्हणाल्या. "त्या दिशी शेळीचं डोस्कं धरलंत तवाच बगितलं. तुमच्या हातावर ह्या अशा रेघा हुत्या. अण्णाच्या हातावर एक बी न्हवती."

"मग इतकी वर्षं तुम्ही अण्णांना का बोलत होता?"

"अण्णाला कोण बोलतंय?" त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. "तुमी शेजारी उबं आसायचा की, सायब."

मग त्यांनी लोटाभर दूध माझ्या हातात दिले आणि मी ते तिथेच उभा राहून प्यालो. घरी येताना मला इतके हलके वाटत होते की सायकल चालवायचे सोडून मी ती हातात धरून चालत आलो.

तर मंडळी, या ग्रंथात इतरत्र कुठे त्या काट्यांचा उल्लेख आला तर तेथे अण्णांचे नाव खोडून माझे घालावे. अण्णांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभावी, त्यांच्या अंगठ्याला बोकडाच्या शिंगातले मेण पुढेही असेच लागत राहावे, ही मनापासूनची प्रार्थना. येत्या सुगीला सोनाबाई माझ्याकडे तोंड करून ओरडणार आहेत, तसे त्यांनी बजावले आहे. पुढच्या अनेक सुग्यांना शेजारी उभे राहून हसण्याची पाळी आता अण्णांची आहे.