बाळंतपणासाठी मुरवलेली कोंबडी

आमच्या शेजारचे हरिश्चंद्र पिलणकर एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी त्यांनी लोकांना "पुढे सरका" असं सांगण्यात काढली आणि निवृत्त झाल्यावर स्वतः मात्र ओटीवरच्या खुर्चीतून हलले नाहीत. हौसा, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर हलायचं कारणही नव्हतं. चहा खुर्चीपर्यंत येत असे. बाजारातून आणलेल्या सुरमईचं आत पुढे काय होतं, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. ती तळून ताटात येते, एवढं ज्ञान त्यांना संसाराला पुरलं. मागच्या वर्षी हौसा गेली आणि आपल्या घराला स्वयंपाकघरही आहे, हा शोध या थोर पुरुषाला लागला.

त्यांची एकुलती एक मुलगी वेदिका चिपळूणला दिली आहे. तिला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिच्या सासूबाईंनी फोनवर सरळ विचारलं, की घरात बाई नाही, पोरीला खायला कोण घालणार? मी रविवारी तिला घेऊन येते, तुमचं घर बघते, तुमच्या हातचं जेवते, मग ठरवू.

हरिश्चंद्र तडक आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी आले.

"ऐकलात काय वहिनी? म्हणे मला जेवण येत नाय!"

"येतं का?"

"तो प्रश्न नाय."

प्रश्न नेमका तोच होता, पण नोकरीभर सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातलेल्या माणसाशी कोण वाद घालणार! शिवाय लेकीसाठी हौसाची खोली त्यांनी आधीच रंगवून घेतली होती. रंग भयंकर निवडला होता, पण निवडला होता.

"तिला डोहाळे कसले लागलेत म्हायत आहे? तळलेल्या चिकनचे," ते म्हणाले. "चिंच नाय, कैरी नाय, चिकन! मी करणार. विहीणबाईंनी बोटं चाटली पायजेत."

पेज, भात आणि उकडलेलं अंडं एवढ्याच पाककलेच्या शिदोरीवर निघालेला हा वीर. मी मनातल्या मनात त्यांना शुभेच्छा दिल्या.

त्यानंतर ते मोबाइलवर विद्याभ्यासाला बसले. कोंबडी तळण्याआधी मुरवावी लागते, हे सत्य त्यांना वयाच्या साठीनंतर सापडलं आणि ते त्यांनी अख्ख्या आळीला ऐकवलं. एका व्हिडिओतली बाई म्हणाली, तुकडे मिठाच्या पाण्यात ठेवा, मांस कोरडं पडत नाही. दुसऱ्यातली म्हणाली, ताकात ठेवा, लुसलुशीत होतं. दोघीही आपापल्या जागी बरोबर. शहाणा माणूस एकीचं ऐकतो. हरिश्चंद्रांनी कोणाचंच मन मोडायचं नाही असं ठरवलं.

शनिवारी सकाळी अस्लमच्या दुकानातून कोंबडी आली. मी काही बघायला गेले नव्हते, त्यांनीच मला बोलावून घेतलं. साक्षीदार हवा असतो अशा माणसांना. टोपात तुकडे मिठाच्या पाण्यात बुडालेले होते. पाणी मी बोटाला लावून बघितलं. भाट्याच्या समुद्राने लाजावं!

दुपारी त्यांनी ते पाणी ओतून दिलं आणि ताक घातलं. ताकातही मीठ, कारण बिनमिठाचं ताक कोण पितं! मग आलं, लसूण, हळद, तिखट आणि मसाल्याला म्हणून पुन्हा मीठ. पण त्यांनी फडताळातून कोकमाच्या आगळाची बाटली काढली, तेव्हा मला राहवेना.

"हे कशाला?"

"अवो, सुरमईला लावत नाय काय आगळ? तळायच्या आधी लावायचंच. हौसाचा हात मी बघितलाय."

"खुर्चीतून?"

त्यांनी बाटलीचं बूच काढलं.

"भावजी, आगळ मिठात मुरवलेलं असतं. ते घातलं की मासळीला वरून मीठ घालत नाहीत. हौसा घालत नव्हती."

"तुमच्या कॉन्व्हेंटात शिकवलं काय आगळ?"

"नाही. तिथे सिस्टरांनी केक आणि रुमालावरची फुलं शिकवली. आगळ मला सासूने शिकवलं."

"मग केकाचं काय असेल तेव्हा विचारीन," असं म्हणून त्यांनी बाटली उपडी केली. ताकात आगळ पडल्यावर जो रंग आला, तो हौसाच्या खोलीच्या नव्या रंगाशी झकास जुळत होता. कोंबडीला कोणीतरी सोट्याने बडवलंय असं दिसत होतं. त्या शनिवारी मी डायरीत दोनच शब्द लिहिले: "सांगितलं होतं."

रविवारी विहीणबाई आल्या. ठेंगणी, खणखणीत बाई. मागून वेदिका, पोट सांभाळत, तोंडभर हसत. मलाही जेवायला बोलावलं होतं. विहीणबाईंनी खोली बघितली, रंगाबद्दल सभ्यपणे काही बोलल्या नाहीत, आणि पाटावर बसल्या. हरिश्चंद्रांनी तांदळाच्या पिठात घोळवून तुकडे तळले होते. तळणी उत्तम झाली होती, हे मान्य करायला हवं. वरचा कुरकुरीतपणा बघून मलासुद्धा वाटलं, चुकले की काय मी? चाखून मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. पाहुण्यांच्या आधी उष्टं करायचं नाही, हा हौसाचा नियम. तिचे सगळे नियम सोडून नेमका हाच त्यांनी पाळला.

विहीणबाईंनी घास घेतला. चावला. पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तो बराच वेळ खाली आला नाही.

"व्याही," त्या शेवटी म्हणाल्या, "ही कोंबडी होती, की मिठागरावरचा कामगार?"

हरिश्चंद्रांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा पडला. वेदिका मात्र दुसऱ्या तुकड्याला लागली होती.

"मला आवडलं बाबा. मस्त खारं झालंय!"

"तुला आवडणारच," सासूबाई म्हणाल्या. "पाय बघा हिचे, सुजलेत. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. हे तुम्हाला सांगितलं नाही हिने?"

सांगितलं नव्हतं. हरिश्चंद्र उठले. मला वाटलं, आता आत जाऊन तोंड लपवतील. पण त्यांनी वाकून वेदिकाच्या पुढचं ताट उचललं.

"बाबा! अवो एकच तुकडा!"

"नाय."

"अर्धा!"

"हातातला ठेव खाली."

"सहा महिने झाले, मनासारखं काही—"

"वेदिका. खाली ठेव."

तिने ठेवला. ओठ काढून, डोळ्यांत पाणी आणून, पण ठेवला. तेवढाच दरारा गाडीत एखाद्या फुकट्या प्रवाशाला वाटत असेल. हरिश्चंद्रांनी तिच्यापुढे बिनमिठाचा भात आणि नुसतं वरण आणून ठेवलं आणि ती जेवेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग विहीणबाईंकडे न बघता म्हणाले, "चुकलं माझं. वहिनींनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाय." एवढं बोलताना त्यांना झालेला त्रास बघून मला माझा तुकडा जरासा कमी खारट लागला.

विहीणबाईंनी सुनेच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं.

"आमच्याकडे ही माझं ऐकत नाही, नवऱ्याचं तर नाहीच," त्या म्हणाल्या. "लोणच्याची बरणी मी कपाटात कुलूप लावून ठेवली, तर हिने किल्ली शोधली. तुमचं ऐकते?"

"ऐकायलाच लागेल," हरिश्चंद्र म्हणाले.

"मग हिची बॅग गाडीतून काढायला सांगा. राहू दे इथे." त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघून गोड हसल्या. "पण स्वयंपाक हे करायचे नाहीत. तुम्ही शेजारीच असता ना?"

जेवायला म्हणून गेलेली मी, बाळंतपण अंगावर घेऊन घरी आले. हल्ली दुपारी हरिश्चंद्र डबा न्यायला गडग्यापाशी येतात, झाकण उघडून एक बोट आत बुडवतात, आणि दरवेळी तेच म्हणतात.

"वहिनी, जरा अळणी वाटतंय."