सातव्या खोक्याचा माग: पुणे ते पीण्या

मृणालिनी विनायक सबनीस, तुझ्या या ब्लॉगवर आजवर माझ्या हातचे एकही वाक्य नव्हते. तू हिंडायचीस, तू लिहायचीस. माझे काम प्रकाशनापूर्वी ऱ्हस्व-दीर्घ तपासण्याचे. आज तुझ्याच खात्यातून तुझ्याच वाचकांसाठी लिहीत आहे. तू गेल्याचे त्यांना कोणी कळवले नव्हते. ते कळवणे आणि या प्रवासाचा वृत्तान्त देणे, ही दोन्ही कामे मी एकाच लेखात उरकतो. तुला पाल्हाळ आवडत नसे.

वाचकहो, माझी पत्नी मृणालिनी बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक सिटीत एका यंत्रनिर्मिती कंपनीत नोकरी करीत होती आणि तिथेच भाड्याच्या सदनिकेत राहत होती. मी पुण्यात. तीन महिन्यांपूर्वी कार्यालयातून परतताना तिला हृदयविकाराचा झटका आला. दिवसकार्य आटोपल्यावर मी सदनिकेतील सामान सात खोक्यांत भरून एका नामांकित म्हणवणाऱ्या कंपनीमार्फत पुण्याला रवाना केले. देव तेवढे मांडीवर घेऊन बसने आणले. सहा खोकी पोहोचली. सातवे आले नाही.

सहा खोक्यांत भांडी, पुस्तके, पडदे होते. सातव्यात तिचा राखाडी स्वेटर, चष्मा, जेवणाचा डबा आणि दारामागे ठेवलेली तपकिरी चप्पल होती. स्वेटर मी मुद्दाम न धुता भरला होता. वास किती दिवस टिकतो याचे गणित मला ठाऊक नाही, म्हणून घाई होती. दीड महिना दूरध्वनीवर ध्वनिमुद्रित आवाज ऐकल्यावर एका गुरुवारी मी ठरवले: स्वतः जायचे. सदनिकेच्या नोटिशीची मुदत त्याच आठवड्यात संपत होती, तेव्हा तीही रिकामी करून द्यायची होती.

मी वैधमापन खात्यात निरीक्षक होतो. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापे तपासण्यात नोकरी गेली. समोरचा माणूस फसवतो आहे असे गृहीत धरूनच मी प्रत्येक दारात पाऊल टाकले. या प्रवासातही तेच केले, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला दिवस

पुण्याहून संध्याकाळी निघणारी शयनयान बस सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या मार्गाने सकाळी बंगळुरूत शिरते. रस्ता बहुतांश उत्तम आहे; दावणगेरेच्या अलीकडे काम चालू असल्याने थोडे हादरे बसले. तुमकूर रस्त्याने शहरात येताना डाव्या-उजव्या हातांना पीण्या या औद्योगिक वसाहतीतले कारखाने लागतात. मी पडदा सारून पत्र्याच्या शेडांची ती रांग पाहिली आणि पुन्हा सोडला. ज्याच्यासाठी आलो ते तिथून हाकेच्या अंतरावर होते, हे तेव्हा कळणे शक्य नव्हते.

नवख्यांसाठी सूचना: इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचे असेल तर बस शेवटपर्यंत धरून ठेवू नये. यशवंतपूरला उतरावे, हिरव्या मार्गिकेची मेट्रो घ्यावी, आर. व्ही. रोडला पिवळ्या मार्गिकेत बदलावे. रिक्षावाल्यांच्या नादी लागू नये. मला पहिल्याच रिक्षावाल्याने "मीटरवर पन्नास एक्स्ट्रा" सांगितले. मी मीटरवरील शिक्का पाहायला वाकलो, तर तो म्हणाला, "सार, तुम्ही मीटर विकत घेणार की गाडीत बसणार?" मी दोन्ही केले नाही.

सदनिकेच्या मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. त्यांनी दार उघडले, मला पाहिले आणि काही न विचारता आत जाऊन 'खाली डोसे', म्हणजे भाजी न भरलेले साधे डोसे, घेऊन आल्या. मऊ, जाड, एकावर एक तीन. मी मनात म्हटले, या बाईंना घराच्या भिंतींत ठोकलेल्या खिळ्यांविषयी काही बोलायचे असणार. खिळ्यांचा विषय त्यांनी स्वतःहून अखेरपर्यंत काढला नाही.

रिकाम्या घरात सतरंजीवर बसून मी पावती पुन्हा वाचली. मृणालिनी याच धंद्यातली. तिच्या कंपनीचा माल बाहेरच्या वाहतूकदारांवर सोपवण्याचे करार तीच लिहीत असे. सुटीत पुण्याला आली की जेवताना समजावून सांगायची, "अहो, आमची कंपनी यंत्रं बनवते, ट्रक चालवत नाही. वाहतूक दुसऱ्याकडे, गोदाम तिसऱ्याकडे, घरपोच देणं चौथ्याकडे."

"मग माल हरवला तर चूक कोणाची?" मी विचारायचो.

"करारात लिहिली असेल त्याची. भात घ्या."

दुसरा दिवस

सिल्क बोर्डला मेट्रोतून उतरून रिक्षाने कोरमंगला. कंपनीचे कार्यालय एका कॅफेच्या वर होते. मला कल्पना होती की मागे आवार असेल, ट्रक उभे असतील. तिथे एक मोठे टेबल, बारा संगणक आणि कुंडीतले झाड होते. झाड प्लॅस्टिकचे होते. मी पान चिमटीत धरून पाहिले.

टेबलापाशी ऋतुजा नावाची मुलगी भेटली. मूळची नाशिकची, जवळच पीजीत राहणारी. माझे आडनाव वाचून ती थेट मराठीत बोलू लागली.

"काका, सिस्टीममध्ये सातही बॉक्स डिलिव्हर्ड दाखवतंय."

"सिस्टीम माझ्या घरी आली होती का?"

ती हसली नाही, हे तिच्या बाजूने नोंदवतो. "ओटीपी कन्फर्म झालाय, काका. ओटीपी तुम्हीच दिलात ना?"

इथे मला खाली पाहावे लागले. मीच दिला होता. ट्रकचालक फाटकापाशी म्हणाला होता, "ओटीपीशिवाय गाडी उघडायची परवानगी नाही, सर." आणि ज्या माणसाने तीस वर्षे वजन केल्याशिवाय कशावरही सही केली नाही, त्याने खोकी मोजण्यापूर्वी सहा आकडे वाचून दाखवले. त्या दिवशी माझे चित्त ठिकाणावर नव्हते, हे कारण आहे; सबब नव्हे.

"तुमचा ट्रक कोणता होता, चालकाचे नाव काय, एवढे सांगा," मी म्हणालो.

"काका, आमचा एकही ट्रक नाही." तिने आवाज खाली आणला. "आम्ही फक्त बुकिंग घेतो. ट्रान्सपोर्ट दुसऱ्यांचं, त्यांचं गोडाऊन आणखी तिसऱ्याचं. गाडी तर ज्याला त्या दिवशी मिळेल त्याची."

"म्हणजे ज्यांच्या नावावर मी विश्वास ठेवला त्यांनी माझ्या खोक्याला हातही लावलेला नाही?"

"आमच्यापैकी कोणी कुठल्याच बॉक्सला हात लावत नाही, काका."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला अधिकच संशय आला. गोदामाचा पत्ता द्यायला नियमाची आडकाठी होती. मी तिला न धुतलेल्या स्वेटरविषयी सांगितले. तिने इकडेतिकडे पाहिले, कॅफेच्या बिलाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "माझी आजी गेली तेव्हा तिची शाल काकूनं लगेच धुऊन टाकली. जा तुम्ही. मी दिला म्हणून सांगू नका."

तिचे खरे नाव मी इथे बदललेले आहे.

तिसरा दिवस

गोदाम पीण्यात होते. तिथे मेट्रोने जावे. स्थानकाखाली दर्शिनी आहे, म्हणजे उभ्याने खाण्याचे उपाहारगृह. इडली-वडा आणि कॉफी शंभर रुपयांच्या आत आटोपते आणि चव पुण्यातल्या कोणत्याही तथाकथित दाक्षिणात्य उपाहारगृहाला लाजवणारी असते. पुढे एक किलोमीटर चालावे लागले. लेथ यंत्रांची घरघर, कापलेल्या लोखंडाचा वास, आणि प्रत्येक फाटकावर एकावर एक लावलेल्या तीन-तीन कंपन्यांच्या पाट्या.

गोदामात माणसे खोकी ट्रकमध्ये चढवत होती. आधी चढवलेल्या खोक्यांवर उभे राहून, चपलांसकट. माझा संताप तिथेच सुरू झाला. देखरेखीला साठीच्या घरातले एक गृहस्थ होते: कपाळाला गंध, कानाला पेन्सिल. मी इंग्रजीत नाव सांगितले. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिले.

"तुमी मराठी की?" ते म्हणाले. "या हो, या. स्वल्प बसा. मी नागोजीराव. आमी इथलेच, शेकडो वर्षं झाली. घरात मराठीच बोलतो, असं मोडकंतोडकं."

"मी बसायला आलेलो नाही. माझे एक खोके या गोदामातून नाहीसे झाले आहे."

"नाहीसं कुठं?" ते शांतपणे म्हणाले. "सरी, बरं, पायातलं काढा आधी."

"काय म्हणालात?"

"बूट काढा हो. मग दाखवतो."

हा काहीतरी डाव आहे, अशी माझी खात्री झाली. तरी बूट काढले. पाकीट मात्र आतल्या खिशात सरकवले. त्यांनी स्वतःच्याही चपला काढल्या आणि मला पत्र्याच्या खोलीत नेले. भिंतीवर डोक्याच्या उंचीला फळी होती. फळीवर इतर काही नव्हते. फक्त सातवे खोके, आणि त्यावर शेवंतीचे एक ताजे फूल.

खोक्याच्या बाजूला मृणालिनीचे अक्षर: देव. वर काही ठेवू नये.

खुलासा करतो. ती बंगळुरूला राहायला गेली तेव्हा तिने याच खोक्यात देव नेले होते. नंतर ते खोके माळ्यावर पडून होते. इतर सहांवर मी छापील क्रमांक चिकटवले. यावर क्रमांक लिहिला, पण तिचे अक्षर खोडायला हात धजला नाही. आत चप्पल भरली आणि वर 'देव' तसेच राहू दिले. तपासणीत अशी पाटी मला कोणाच्या दुकानात सापडली असती तर मी खटला भरला असता.

"ही पोरं खोक्यांवर नाचतात, तुमी पाहिलंत," नागोजीराव म्हणाले. "देवावर पाय पडला असता की. मी भरू दिलं नाही. पण चलन सात नगांचं एकत्र होतं, ट्रकवाल्यानं एकदम स्कॅन केलं. मी कळवायला फोन केला, तर कागदावर तुमचा नंबरच नाही. वरच्यांचा नंबर. तिथं नुसती टेप बोलते. गिऱ्हाइकाचा नंबर आमाला देत नाहीत. आमी पळवू म्हणून."

हे मला माहीत होते. ते कलम मृणालिनी स्वतः लिहीत असे. 'खालच्याला वरच्याचं गिऱ्हाईक दिसता कामा नये,' असे ती जेवताना अभिमानाने म्हणाली होती.

"आणि फूल?" मी विचारले.

"रोज घालतो. इथं उदबत्तीला बंदी, आगीची भीती. देव दुसऱ्याच्या घरी अडकून पडले, उपाशी कसे ठेवायचे? दिवाही नाही. फूल तेवढं."

मी खोके उतरवले आणि चिकटपट्टीवरची माझी सही तपासली. चारही कडांवर सही अखंड होती. कोणी नखही लावलेले नव्हते. आता गुपचूप निघून जाणे शक्य होते. पण खोटे माप चालू देणे मला जमत नाही.

"नागोजीराव, यात देव नाहीत."

"मग?"

"माझ्या पत्नीचा स्वेटर आहे. चष्मा आहे. आणि चप्पल. ती तीन महिन्यांपूर्वी गेली."

दारातून एक हमाल डोकावत होता. तो मोठ्याने हसला, "अण्णा, दीड महिना चपलेला हार-फूल!"

"सुम्निरो! गप्प बस!" नागोजीराव त्याच्यावर खेकसले. तो दारातून मागे सरला. खोके उतरवताना फूल जमिनीवर पडले होते. त्यांनी ते उचलले, फुंकर मारून धूळ काढली आणि पुन्हा होते तिथेच ठेवले.

"अक्षर बाईंचं की?"

"हो."

"वर काही ठेवू नये म्हणून लिवलंय. कुणाला ठेवू दिलं नाही हो," ते म्हणाले.

मी सवयीने पाकीट काढले. त्यांनी इतक्या तिरस्काराने मान फिरवली की मी ते लगेच परत ठेवले, आणि क्षमा मागितली. क्षमा मागण्याचा मला सराव नाही. वाक्य मोठे आणि सदोष झाले. "सरी, सरी," म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत त्यांनी मला बूट घालायला स्टूल पुढे सरकवले.

परतीचा दिवस

खोके कोणाच्याही हवाली करायचे नाही, असा निश्चय होता. यशवंतपूरला बसचा वाहक मात्र हटून बसला: मोठे सामान डिकीत. तो बेळगावचा होता. मी वाद सुरू करणार इतक्यात त्याने खोक्यावरचे अक्षर वाचले.

"अहो, देव आहेत होय! आधी सांगायचं नाही का?" असे म्हणून त्याने खोके स्वतः उचलले आणि माझ्या वरच्या रिकाम्या शायिकेवर ठेवले. एका प्रवाशाला दरडावले, "मामा, तिकडं पाय करू नका."

या वेळी मी खुलासा केला नाही.

घरी येऊन सही मधोमध कापली आणि खोके उघडले. स्वेटरला वास आहे. कमी झाला आहे, पण आहे. चप्पल दारामागे ठेवली. खोके टाकलेले नाही.

वाचकांना या सहलीतून काय सांगावे? मेट्रोचा मार्ग वर दिला आहे. खोकी मोजल्याशिवाय ओटीपी देऊ नये. ज्या कंपनीचे नाव पावतीवर आहे तिच्यावर माझा आजही विश्वास नाही, आणि तिच्या खालच्या दुसऱ्या-तिसऱ्यावरही ठेवा असे मी म्हणणार नाही. जे मिळाले ते कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते, त्यामुळे इतरांनाही मिळेल अशी हमी देता येत नाही.

मृणालिनी, कुठूनही निघालो की जिना उतरताना तू एकच प्रश्न विचारायचीस, म्हणून शेवटी ही नोंद. सदनिकेच्या खिडक्या लावल्या. गॅसची तोटी बंद केली. खिळे तसेच ठेवले, मी विचारल्यावर अक्का राहू द्या म्हणाल्या. दाराला कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले. तिन्ही किल्ल्या अक्कांच्या हातात दिल्या, आणि पोच मागितली नाही.