ठकीआजीचा नारळ

ठकीआजीला आमच्या पाड्यात सगळे शेठची भक्तीण म्हणायचे. मीही म्हणायचो, तिच्या तोंडावर, आणि वर हसायचो. ग्रामपंचायतीचा शिपाई मी, मला कोण जाब विचारणार!

तलासरीहून आमच्या गावात शिरताना शाळेपुढे शेठचा अर्धपुतळा होता. शाळेला जमीन दिली म्हणून नातवांनी बसवलेला. त्याच जागी पूर्वी शेठचं खळं होतं आणि वेठीला धरून आणलेल्या आमच्या आज्या-पणज्यांच्या पाठी तिथेच सोलून निघाल्या, हेही गावाला ठाऊक होतं. तरी दर दिवाळीला ठकीआजी चौथऱ्याशी बसायची, तांदूळ वाहायची, नारळ फोडायची. वर शेठकडे मात्र ती ढुंकून बघायची नाही. हे कुणा शहाण्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

२०१८ साली आमच्या पाड्यातल्या प्रवीणने आणि कॉलेजातल्या पोरांनी पुतळा काढा म्हणून अर्ज दिला. ग्रामसभा भरली. शेठचा नातू मोबाइलवर फोटो दाखवत फिरला: खाली हात जोडलेली ठकीआजी, वर शेठ. "ही बघा, तुमचीच म्हातारी!"

पोरं खवळली. "लाज नाही वाटत, आजी?" प्रवीण ओरडला.

आजी उठली. सत्तरी उलटलेली बाई, उभ्या जन्मात सभेत बोलली नव्हती. "त्या मेल्याला कोण पुजतो?" ती म्हणाली. "खाली माझा बा आहे."

तिचा बाप जिव्या त्या खळ्यात मार खाऊन मेला होता. असा अकाली गेलेला माणूस आमच्यात वीर होतो. सागाच्या फळीवर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरून ती रोवतात. जिव्याचा वीर खळ्याच्या कडेला होता. चौथरा बांधताना गवंड्याने तो आडवा पाडला आणि वर काँक्रीट ओतलं. आजी तेव्हा शेठच्याच वाडीत चिकू तोडायला जायची. बोलली असती तर चूल बंद झाली असती. वीस वर्षं ती काँक्रीटवरून बापाला जेवू घालत होती, आणि आम्ही दात काढत होतो.

ठराव झाला, पुतळा काढायचा. आजीने एवढंच मागितलं, "चौथरा हातानं फोडा. बा सापडला की मला हाक मारा."

"मी आहे ना, आजी," मी म्हटलं. झडो माझी जीभ!

जानेवारीत हुकूम आला. गर्दी जमायच्या आत उरकायचं म्हणून तालुक्याहून आलेल्या साहेबाने उजाडतानाच जेसीबी लावला. आजीचं घर टेकडीपलीकडे. पळत जावं असं वाटलं, पण साहेब म्हणाला, "शाळेच्या किल्ल्या घेऊन इथेच थांब." थांबलो. अर्ध्या तासात शेठ टेम्पोत आडवा आणि चौथऱ्याचा चुरा. थंडी मरणाची. मजुरांनी ढिगाऱ्यातली लाकडं ओढून, डिझेल टाकून शेकोटी केली. बांधकामातल्या जुन्या फळ्या असतील, असं मी धरून चाललो. मीही शेकायला बसलो.

मशीनचा आवाज ऐकून आजी धापा टाकत आली, हातात नारळ. खड्ड्यात वाकून बघितलं, मग शेकोटीकडे. एका जाड फळीचं टोक तेवढं उरलं होतं. तिने ते ओढून काढलं, पदराने राख पुसली. घोड्याचे मागचे दोन पाय दिसले.

"ऊब आली का रे?" तिने मला विचारलं.

माझे हात अजून गरम होते.